वर्ल्डकप तोंडावर येते तरी स्टेडियमचं काम का संपत नाही?

भाऊ, खुर्च्या न छत तर माणसं वाढवून, रात्रपाळी लावून होऊन जाते. लाहोरचं गद्दाफी स्टेडियम 2025 च्या चॅम्पियन्स ट्रॉफीआधी चारेक महिन्यात नवं केलंच ना. (तेही नेहमी जमते असं नाही, 2011 च्या वर्ल्डकपात ईडन गार्डन्सचं काम अडलं न भारत-इंग्लंड मॅच बंगलोरला गेली.) पण खरा टाइम पिचच्या न मैदानाच्या मातीला लागते.

आम्ही वर्धेकडचे, गावच्या टेनिस बॉल टुर्नामेंटची पिच आम्ही पोरंच बनवतो. काळी माती चाळायची, थर टाकायचा, पाणी मारायचं अन मंग वाट पाहायची. अंगठा दाबला तर ठसा उठला पाहिजे पण माती बोटाले चिकटली नाही पाहिजे, तेव्हाच रोलर. एक साल घाई केली, ओल्यातच रोलर मारला तर वरचा थर रोलरलेच चिकटून निघाला, न चार दिवसात बोट जाईन एवढ्या भेगा.

न्यूयॉर्कले 2024 च्या टी-20 वर्ल्डकपसाठी 34 हजार प्रेक्षकांचं स्टेडियम काही महिन्यात उभं झालं, पिच फ्लोरिडात तयार करून ट्रकनं आणल्या, पण त्यायले मुरायले वेळच भेटला नाही, बॉल कधी छातीवर तर कधी घोट्यावर, बॅट्समनचं पाहून जीव खालीवर होत होता. आउटफिल्डचंही तसंच, आपल्या नागपूरच्या जामठा स्टेडियमवर 2022 मध्ये मैदान ओलं राहिलं म्हणून ऑस्ट्रेलियाची मॅच 8-8 ओव्हरची झाली, पाऊस तर मॅचच्या वेळेले थांबला होता.