मेलच्या दारात चाळणी : वाचकांचे प्रश्न

ऑफिसचा मेल क्लाउडवरच्या तपासणी टूलला, म्हणजे स्पॅम आणि व्हायरस गाळणाऱ्या सेवेला, जोडला आणि काहीतरी बिनसलं, अशी पत्रं या खेपेला कोल्हापूर परिसरातून बरीच आली. त्यांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री आहे. गुगल वर्कस्पेसची २२ खाती आहेत. टूलवाल्यांनी सांगितलं तसा एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे आमचा मेल कुठल्या सर्व्हरकडे जावा ही नोंद, बदलला. दुसऱ्या दिवसापासून जुन्या ग्राहकांच्या पर्चेस ऑर्डरी स्पॅममध्ये पडायला लागल्या. टूल बदलावं का?

उत्तर : टूल राहू द्या, गुगलला त्याची ओळख करून द्या. एमएक्स बदलल्यावर ग्राहकाचा मेल आधी टूलकडे जातो आणि तिथून जीमेलकडे येतो. जीमेलला पाठवणारा म्हणून दिसतो तो टूलचा आयपी पत्ता. तो ग्राहकाच्या एसपीएफ यादीत, म्हणजे त्याच्या नावाने मेल पाठवायची मुभा असलेल्या सर्व्हरांच्या यादीत, असणार कसा? एसपीएफ नापास. डीकिमची सही, म्हणजे मजकूर वाटेत बदललेला नाही याची डिजिटल खूण, एरवी तगली असती, पण टूल मेलमधल्या लिंका बदलून आपल्या घालत असेल, किंवा वर ‘बाहेरचा मेल’ अशी पट्टी चिकटवत असेल, तर मजकूर बदलतो आणि सहीही मोडते. गंमत अशी की ज्या ग्राहकाने आपलं डीमार्क धोरण, म्हणजे या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ही सूचना, ‘क्वारंटाइन’ (बाजूला ठेवा) किंवा ‘रिजेक्ट’वर (नाकारा) ठेवलंय, म्हणजे जो जास्त काळजी घेतो, त्याचाच मेल आधी अडकतो.

अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये ‘अ‍ॅप्स’, ‘गुगल वर्कस्पेस’, ‘जीमेल’ असं जाऊन ‘स्पॅम, फिशिंग अँड मालवेअर’ उघडा. तिथे ‘इनबाउंड गेटवे’ आहे, म्हणजे मेल कुठल्या मधल्या सर्व्हरमार्फत येतो हे गुगलला सांगायची जागा. टूलच्या कंपनीने दिलेल्या सगळ्या आयपी रेंज त्यात भरा. सगळ्या म्हणजे सगळ्या. एखादी राहिली तर अधूनमधून एखादाच मेल स्पॅममध्ये जातो आणि कारण शोधता शोधता आठवडा जातो. ‘ऑटोमॅटिकली डिटेक्ट एक्स्टर्नल आयपी’वर खूण करा. मग जीमेल टूलच्या मागे उभा असलेला खरा पाठवणारा शोधतं आणि एसपीएफ त्याच्यावर तपासतं.

त्याच पानावर ‘रिजेक्ट ऑल मेल नॉट फ्रॉम गेटवे आयपीज’ अशी चौकट आहे. तिची घाई नको आणि विसरही नको. जुना एमएक्स टीटीएल, म्हणजे नोंद साठवून ठेवायची मुदत, संपेपर्यंत पाठवणाऱ्यांच्या सर्व्हरकडे साठलेला असतो. टीटीएल ३६०० सेकंद असेल तर तासभर, आणि काही ठिकाणी त्याहून रेंगाळतो. म्हणून दोन-तीन दिवस थांबून ती खूण करा. केलीच नाहीत, तर ‘एसएमटीपी डॉट गुगल डॉट कॉम’ या गुगलच्या मेल सर्व्हरला थेट मेल देणारा कोणीही टूलला वळसा घालून आत येतो. पुढच्या दाराला कुलूप आणि परसदार सताड उघडं. जुने एमएक्स ‘असू देत बॅकअपला’ म्हणून ठेवले असतील तर तेही काढा. वर्कस्पेसच्या जुन्या खात्यांत असे पाच-पाच रेकॉर्ड असतात आणि स्पॅमवाले मुद्दाम खालच्या पसंतीक्रमाचं दार वाजवून बघतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरणाऱ्यांना हेच काम इनबाउंड कनेक्टर आणि ‘एन्हान्स्ड फिल्टरिंग फॉर कनेक्टर्स’मध्ये करावं लागतं.

जोडणी झाली की नाही, हे टूलच्या हिरव्या टिकेवरून ठरवू नका. बाहेरून आलेला ताजा मेल उघडा, तीन टिंबांतून ‘शो ओरिजिनल’ घ्या. ‘रिसीव्ह्ड’ने सुरू होणाऱ्या ओळी खालून वर वाचायच्या: सगळ्यात खाली ग्राहकाचा सर्व्हर, त्याच्या वर टूलचं नाव, सर्वांत वर गुगल. मधलं नाव गायब असेल तर तो मेल चाळणीतून गेलेलाच नाही. टूलचं नाव आहे पण वरच्या चौकटीत एसपीएफ ‘फेल’ दिसतंय, तर गेटवेची यादी अपुरी आहे.

प्रश्न : शाहूपुरीत आमची गुळाची पेढी आहे, माल परदेशीही जातो. दुसऱ्या एका टूलचं म्हणणं, एमएक्सला हात लावू नका, एपीआयने, म्हणजे टूलला थेट खात्यांत शिरायची वाट देऊन, जोडा. पण ते सगळ्या खात्यांचे मेल वाचायची आणि बदलायची परवानगी मागतंय. द्यावी का?

उत्तर : वाचल्याशिवाय तपासणी होत नाही आणि बदलायची मुभा नसेल तर वाईट मेल उचलून बाजूला ठेवता येत नाही. तेव्हा मागणी वावगी नाही, मात्र किती मागतायत ते बघा. ‘जीमेल डॉट मॉडिफाय’ नावाच्या परवानगीत काम भागतं. त्यात मेल वाचता येतो, लेबल लावता येतं, कचरापेटीत टाकता येतो, पण कायमचा पुसता येत नाही. त्याच्या वरची, सर्व हक्क देणारी परवानगी मागितली तर कारण लेखी मागा. नुसता अहवाल हवा असेल तर ‘रीडओन्ली’ पुरे.

जोडणी सुपर अ‍ॅडमिननेच, म्हणजे सगळे हक्क असलेल्या अ‍ॅडमिननेच, करायची. ‘सिक्युरिटी’, ‘अ‍ॅक्सेस अँड डेटा कंट्रोल’, ‘एपीआय कंट्रोल्स’, मग ‘डोमेन-वाइड डेलिगेशन’ (सगळ्या खात्यांच्या वतीने काम करायची परवानगी). तिथे ‘अ‍ॅड न्यू’ दाबून टूलने दिलेला क्लायंट आयडी, म्हणजे आकड्यांची लांबलचक माळ, आणि परवानग्यांचे पत्ते स्वल्पविराम देऊन जसेच्या तसे चिकटवा. एकही पत्ता कमी पडला तर ‘अनऑथोराइज्ड क्लायंट’ अशी चूक येते. सगळं बरोबर असूनही ती येत असेल तर पुसून पुन्हा करत बसू नका. बदल लागू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात.

खात्यांची यादी वाचायला टूल एका अ‍ॅडमिनचा पत्ता मागतं. तिथे कंपनीतल्या माणसाचं रोजचं खातं देऊ नका. तो नोकरी सोडून गेला, खातं बंद केलं, की जोडणी मुकाट्याने तुटते. यासाठी वेगळं अ‍ॅडमिन खातं काढा आणि त्याला फक्त वापरकर्त्यांची यादी वाचण्याचे हक्क द्या. दुसरं, ‘नवा मेल आला’ ही सूचना जीमेलकडून मिळत राहावी म्हणून टूलला ती नोंद दर ७ दिवसांच्या आत नव्याने करावी लागते. त्यांच्याकडून ते राहिलं तरी पडद्यावर सगळं हिरवंच दिसतं. ‘शेवटची तपासणी’ ही वेळ आठवड्यातून एकदा पाहत जा.

एपीआयच्या पद्धतीत मेल आधी खात्यात उतरतो आणि मग तपासला जातो. मधल्या काही क्षणांत फोनवर घंटी वाजलेली असते. उलट आतल्या आत फिरणारे मेल, म्हणजे अकाउंट्समधून डिस्पॅचला गेलेले, एमएक्सवाल्या टूलला दिसत नाहीत, एपीआयला दिसतात. एखाद्याचं खातं फुटलं तर धोका नेमका तिथूनच पसरतो. पेढीवर आठ-दहा खाती असतील तर आम्ही एपीआयच्या बाजूने आहोत.

प्रश्न : खरा व्हायरस पाठवून तपासणी करावी का? (उद्यमनगर)

उत्तर : मुळीच नाही. त्यासाठी ‘ईकार’ नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी फाइल आहे. मात्र ती जीमेलवरून पाठवू गेलात तर जीमेल स्वतःच अडवेल आणि तुमच्या टूलची परीक्षा होणारच नाही.

प्रश्न : इचलकरंजीहून आम्ही कापड पाठवतो. पुरवठादाराच्या नावाने ‘आमचं बँक खातं बदललंय’ असा मेल आला. टूल असून त्याने पकडला कसा नाही?

उत्तर : कारण त्यात पकडण्यासारखी लिंक नव्हती, जोडलेली फाइल नव्हती. चार ओळींचा साधा मजकूर. डोमेन बहुधा हुबेहूब भासणारं असतं, इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी. अशा मेलची एसपीएफ-डीकिमची परीक्षाही पास होते, कारण ते डोमेन चोराचं स्वतःचंच असतं. टूलमध्ये ‘इम्पर्सोनेशन’ किंवा ‘लुकअलाइक डोमेन’ असा भाग असतो आणि तो बऱ्याचदा रिकामा राहिलेला असतो. त्यात मोठ्या व्यवहाराच्या पार्ट्यांची डोमेनं आणि मालकांची नावं भरा. खातं बदलाचा मेल आला की जुन्या बिलावरच्या नंबरला फोन लावा, मेलखाली दिलेल्या नाही. पैसे गेलेच असतील तर हा अंक बाजूला ठेवा आणि आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा १९३० हा नंबर फिरवा.

प्रश्न : टूल जोडल्यावर बिलिंग सॉफ्टवेअरमधून जाणारी बिलं परत यायला लागली. (कागल)

उत्तर : डीएनएसमध्ये, म्हणजे तुमच्या डोमेनच्या नोंदींत, एसपीएफच्या दोन ओळी झाल्यात का बघा. टूलची नवी ओळ जुनीच्या खाली टाकली, की दोन्ही बाद. एका डोमेनला एकच एसपीएफ चालतो. टूलचा ‘इन्क्लूड’, म्हणजे त्याच्या सर्व्हरांची यादी जोडणारा भाग, जुन्याच ओळीत, शेवटच्या ‘ऑल’च्या आधी घाला. ही ओळ तपासताना करावे लागणारे एकूण डीएनएस शोध १० च्या वर गेले तरी सगळी ओळ रद्द धरली जाते आणि ‘इन्क्लूड’च्या आत दडलेले ‘इन्क्लूड’ही त्यात मोजले जातात. बंद पडलेल्या जुन्या होस्टिंगचं नाव त्यात हमखास सापडतं. ते आधी काढा.