घरच्या फिशटँकमधल्या माशांचे फोटो मोबाईलने नीट येत नाहीत, नवीन कॅमेरा घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की दोन फुटी टँक आहे, त्यात निऑन टेट्रा आणि एक फायटर आहे, फोटोत काचेवर तुमचाच चेहरा नि वरचा पंखा दिसतो आणि मासा कायम पुसट येतो. कॅमेरा घेऊ नका, आत्ता तरी नको. मी आठ वर्षं मासे पाळतेय आणि माझे आवडते निम्मे फोटो साध्या मोबाईलचेच आहेत, फरक पडतो तो उजेडाने.

आधी रिफ्लेक्शन घ्या. रात्री हॉलचे सगळे दिवे बंद, टीव्ही बंद, फक्त टँकचा लाईट चालू. काचेवर जे दिसतं ते खोलीतल्या उजेडाचं असतं, खोलीत अंधार केला की काचेवर दिसायला काही उरतच नाही. मी वर काळा टीशर्ट घालते, पांढरा कुर्ता घातला की टँकच्या उजेडातसुद्धा काचेत दिसतो. काच बाहेरून ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि आतलं शेवाळ जुन्या एटीएम कार्डने खरवडा, पण काच पुसायचा स्प्रे टँकच्या आसपास मारू नका, तो पाण्यात गेला तर माशांना विषारी ठरू शकतो. आणि मोबाईल काचेला अगदी समोरून, सरळ धरा. हे सगळ्यात जास्त चुकतं. तिरकं धरलं की काच आणि पाणी मिळून उजेड वाकवतात, मग माशाच्या कडांना रंगीत झालर येते, खवले पसरट होतात आणि आपल्याला वाटतं फोकसच गंडलाय.

आता पुसट का येतो ते. टँकचा लाईट आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो पण कॅमेऱ्याला तो कमी पडतो, मग फोन शटर जास्त वेळ उघडा ठेवतो आणि तेवढ्यात निऑन पुढे सरकलेला असतो. फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड, म्हणजे सेटिंग हाताने बदलायची सोय, असेल तर शटर १/१२५ सेकंदाच्या आसपास ठेवा, आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेड किती वाढवून घेतो तो आकडा, ८०० पर्यंत जाऊ द्या, फोटोत थोडे दाणे आले तरी चालतील. फोटोत आडवे काळे पट्टे आले तर तो एलईडीचा दोष, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची म्हणून स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, अशा वेळी शटर १/१०० करा, पट्टे बहुतेक जातात. अजून उजेड हवा तर स्टडी टेबलचा दिवा टँकच्या वरच्या काचेजवळ खाली तोंड करून धरायला कोणाला तरी सांगा, नीट घट्ट धरायला सांगा, पाण्यावर विजेची वस्तू आहे. उजेड वरूनच हवा कारण नदीत माशांवर तो वरूनच पडतो, समोरून टॉर्च मारला की मासा चपटा आणि फिका दिसतो. मोबाईलचा फ्लॅश बंदच ठेवा, तो काचेवर आपटून तुमच्याकडेच परत येतो.

निऑनची निळी रेघ रंगाची नसते बरं का, कातडीतल्या पेशींमध्ये बारीक स्फटिकांचे थर असतात, त्यांच्यावरून उजेड परत फिरतो म्हणून ती चमकते, त्यामुळे मासा जरा वळला की निळ्याची हिरवट होते. अंधारात हे मासे फिके पडतात, म्हणून दिवा लावल्या लावल्या फोटो काढू नका, अर्धा तास जाऊ द्या, रंग डोळ्यांदेखत भरत जातो. खाली काळी वाळू असेल तर अजून छान, पांढऱ्या वाळूवर बरेच मासे फिकट राहतात.

आता खरी गोष्ट सांगते, माशाच्या मागे मोबाईल फिरवू नका. माझ्याकडे डेनिसन बार्ब आहेत, दुकानात ज्यांना मिस केरळा म्हणतात, आपल्या पश्चिम घाटातल्या केरळ-कर्नाटकच्या नद्यांमधला मासा, २०१३ मध्ये त्याच्या गटाला सह्याद्रीवरूनच सह्याद्रिया नाव दिलं. जंगलातली त्याची संख्या धोक्यात आहे, म्हणून विकत घेताना फार्ममध्ये वाढवलेलाच द्या असं मी आवर्जून सांगते. तर हे मासे सतत पळतात, पहिला महिनाभर मी त्यांच्या मागे मोबाईल नेत होते आणि हाती फक्त शेपट्या लागत होत्या. मग एका संध्याकाळी नुसती बसून बघत राहिले. तेव्हा कळलं की ते डाव्या कोपऱ्यातल्या लाकडापाशी येऊन वळतात, आणि वळताना क्षणभर जवळजवळ थांबतात. मी त्या लाकडावर बोट दाबून फोकस लॉक केला, मोबाईल पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवला आणि वाट बघितली. विसाव्या मिनिटाला एक आला, नाकापासून डोळ्यावरून गेलेली लाल रेघ, तिच्याखाली काळा पट्टा, शेपटीच्या टोकांना काळा-पिवळा रंग आणि डोळ्यात टँकच्या दिव्याचा एवढासा ठिपका. डोळा शार्प असला की बाकी थोडं हललेलं चालतं, डोळा पुसट असेल तर तो फोटो मी ठेवत नाही.

तुमच्या फायटरसाठी काचेबाहेर छोटा आरसा धरा, तो दुसरा नर समजून पर उघडतो, कल्ले फुगवतो, एरवी न दिसणारा गडद पडदा गळ्याखालून बाहेर येतो. पण एकदोन मिनिटंच, नंतर आरसा काढा, तो खरंच चिडलेला आणि ताणात असतो, फोटोपायी त्याला दमवू नका. पाणी बदलल्या दिवशीही फोटो नको, नव्या पाण्यातले बारीक बुडबुडे पानांना नि काचेला चिकटून बसतात, दुसऱ्या दिवशी पाणी आरशासारखं स्वच्छ असतं.

आणि एक. फोटोसाठी मी फिल्टर आणि एअर पंप बंद करते, बुडबुडे नि कचरा फिरत नाही. एकदा फोटो बघण्याच्या नादात चालू करायचाच राहिला, सकाळी सगळे मासे पृष्ठभागाला येऊन तोंड उघडत होते, एक मॉली गेली. अजून वाईट वाटतं. तेव्हापासून बटण बंद करण्याआधी मोबाईलवर पंधरा मिनिटांचा अलार्म लावते, मगच कॅमेरा उघडते.