फक्त हातहत्यारांनी घरी फर्निचर करता येतं का? सुरुवातीला कोणती हत्यारं घ्यावीत?

येतं. खरं तर इथेच थांबणार होतो. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "घरातले एक जण म्हणतात, यंत्राशिवाय फळीची कड सरळ येतच नाही, सांधे उघडतात." ते वाचलं आणि राहवलं नाही. तुमच्या घरातले ते 'एक जण' आमच्याकडे साडू आहेत.

साडूंकडे टेबल सॉ आहे, राउटर आहे, प्लेनर आहे, भुसा ओढून घेणारं यंत्रही आहे. माणूस चांगला, अडीअडचणीला पहिला धावून येणारा. फक्त लाकडाचा विषय निघाला की त्यांचा आवाज जरा चढतो. सहा वर्षांपूर्वी सासूबाईंना शिवणाच्या मशीनसाठी नवं टेबल हवं होतं. मी सगळ्यांसमोर बोलून बसलो, मी करतो. साडू म्हणाले, "अहो, दोन दिवसांचं काम. शनिवारी माझ्याकडे या, उभं करून टाकू." मी म्हटलं, नको, हाताने करणार. त्यावर त्यांनी नुसतं हसून मान हलवली. ती मान मला अजून दिसते.

टेबलाला पाच महिने लागले, सगळे रविवार धरून. त्यातला पहिला दीड महिना निव्वळ वाया गेला, आणि तुम्हाला सांगण्यासारखं जे आहे ते त्या दीड महिन्यात आहे. नवा कोरा रंधा खोक्यातून काढला आणि थेट फळीवर चालवला. सालपट निघेना, नुसती धूळ. मध्येच पातं अडायचं आणि लाकूड उचकटायचं. मी आधी लाकडाला शिव्या दिल्या, मग रंध्याला, मग दुसरा रंधा घेतला. तोही तसाच. विकत आणलेल्या पात्याला धार नसते, ती आपल्यालाच लावायची असते, एवढी साधी गोष्ट कळायला सहा रविवार गेले. खोक्यावर 'वापरायला तयार' असं छापलेलं असतं, त्याकडे लक्ष देऊ नका.

पात्याची पाठ, निदान टोकाकडची बोटभर पट्टी, आरशासारखी सपाट हवी. पुढच्या उताराला 25 अंश, आणि अगदी टोकाला 30 अंशांची बारीकशी दुसरी धार. धार लावायच्या 1000 नंबरच्या दगडावर घासत राहायचं, पाठीमागच्या बाजूला बोट फिरवून सगळ्या रुंदीभर खरखर लागेपर्यंत. ती लागली की 6000 च्या दगडावर जायचं, आणि शेवटी पाठ दोन-चार वेळा घासून ती खरखर काढायची. खरखर लागायच्या आधीच दुसऱ्या दगडावर गेलात तर बोथट पातं नुसतं चमकवताय. आणि कोन धरणारी ती छोटी चाकाची गाडी मिळते ना, ती खुशाल वापरा. जुन्या एक्लिप्स पद्धतीच्या गाडीत रंध्याचं पातं 38 मिमी बाहेर काढून पकडलं की 30 अंश होतात, पटाशी असेल तर 30 मिमी. लाकडाच्या तुकड्यावर तेवढ्या अंतरावर थांबा ठोकून ठेवा, दर वेळी मोजायला नको. "खरा सुतार हातानेच धार लावतो" म्हणणारे भेटतील. त्यांना लावू दे.

आता कडेचा मुद्दा. यंत्राशिवाय कड सरळ येत नाही हे साफ चूक आहे. टेबलाचा वरचा भाग मी तीन फळ्या जोडून 500 मिमी रुंदीचा केला. जोडायच्या दोन फळ्या पुस्तक मिटावं तशा एकमेकींना लावून शेगड्यात, म्हणजे लाकूड आवळून धरणाऱ्या पकडीत धरायच्या आणि दोन्ही कडांवर एकदमच रंधा मारायचा. रंधा तिरपा गेला तरी एका कडेला 89 अंश आणि दुसरीला 91. पुस्तक उघडलं की बेरीज 180, फळी सपाट. लांबीत सरळ आणायला युक्ती याहून सोपी. दोन्ही टोकं सोडून फक्त मधूनच सालपटं काढत राहा. रंध्याचा तळ सरळ आहे, त्यामुळे मध्ये किंचित खोलगट झालं की पातं आपोआप कापायचं थांबतं. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत एक-दोन अखंड सालपटं काढली की झालं. मध्यावर केसभर पोकळी राहिली तर उत्तमच, क्लॅम्प आवळला की टोकं घट्ट बसतात. पहिल्यांदा ते दीड मीटरचं अखंड सालपट रंध्याच्या तोंडातून उलगडत वर आलं तेव्हा मी बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, छान आहे, आता झाडून घे.

असो. टेबल झालं, सासूबाईंच्या खोलीत गेलं, कौतुक झालं. साडूंनी सांध्यांवरून नख फिरवून पाहिलं, नख अडकलं नाही. काही बोलले नाहीत. ते तीन महिने माझ्या आयुष्यातले चांगले महिने होते.

मग हवा कोरडी झाली आणि एका रात्री टेबलाचा "टक्क" असा आवाज झाला. सकाळी सासूबाईंचा फोन. वरच्या फळीला टोकापासून हातभर लांब फट, मधोमध. पुढच्या रविवारी सगळे जमलेले असताना साडूंनी त्या फटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हाताने केलं की हे असं." सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा मला कारण माहीत नव्हतं, म्हणून गप्प बसलो. आज माहीत आहे, पण आता विषय काढला तर "अजून तेच घेऊन बसलाय का" असं होतं. म्हणून तुम्हाला सांगतो.

फट सांध्यावर नव्हती. तिन्ही फळ्यांचे दोन्ही सांधे, मी हाताने रंधलेले, जिथल्या तिथे होते. फाटली ती मधली अखंड फळी. नीट बसलेला गोंदाचा सांधा आजूबाजूच्या लाकडापेक्षा मजबूत असतो, त्यामुळे ताण आला की लाकूड फाटतं. आणि ताण मीच घातला होता. टेबलाच्या दोन्ही टोकांना खालच्या आडव्या पट्ट्यांवर वरचा भाग गोंद लावून, शिवाय तीन-तीन स्क्रू मारून पक्का बसवला होता. जितकं पक्कं तितकं चांगलं, अशी समजूत.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. माझं लाकूड बीच नावाच्या परदेशी झाडाचं होतं. ओलं बीच पूर्ण वाळेपर्यंत खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने साधारण 12 टक्के आकसतं. ओलावा उतरत तीस टक्क्यांच्या आसपास आला की हे आकसणं सुरू होतं, म्हणजे दर एक टक्का ओलाव्यामागे सुमारे 0.4 टक्के. ओल्या हवेत चिकटवलेल्या 500 मिमीच्या फळीतला ओलावा कोरड्या दिवसांत नुसता 4 टक्क्यांनी उतरला तरी ती 8 मिमी अरुंद व्हायला बघते. खालच्या पट्टीची लांबी मात्र फळीच्या रुंदीच्या दिशेने, ती हलत नाही. मग कुठून तरी फाटणारच. सागवान यापेक्षा शहाणं, 5.8 टक्के, म्हणजे हिशेबाने निम्मं. तेही असं जखडलं तर फाटेल, थोडं उशिरा इतकंच.

म्हणजे हेच टेबल साडूंच्या सगळ्या यंत्रांवर कापलं असतं आणि असंच बसवलं असतं, तर असंच फाटलं असतं. कदाचित त्याच रात्री. साडूंनी स्वतःसाठी केलेलं टेबल आजही सपाट आहे. असणारच, प्लायवूड आहे. त्यात एकाआड एक पापुद्रे आडवे-उभे चिकटवलेले असतात, ते एकमेकांना हलू देत नाहीत. त्यात यंत्राचं कर्तृत्व काय?

दुरुस्ती एका दुपारची होती. स्क्रू काढले, गोंद पटाशीने सोडवला. वरचा भाग मोकळा झाल्याबरोबर फट अर्धी आपोआप मिटली, उरलेली गोंद भरून आवळली. मग पट्टीच्या आतल्या अंगाला खाच करून इंग्रजी एल आकाराचे लाकडी गट्टू त्यात अडकवले. वरचा भाग गट्टूंना स्क्रूने धरलेला, गट्टू खाचेत सरकायला मोकळे. पाच वर्षं झाली, हललेलं नाही. म्हणजे हलतंय, पण फाटत नाही.

हत्यारांचं राहिलंच. तुमच्या यादीत वीस वस्तू आहेत, त्यातल्या बारा खोडा. पटाश्यांचा मोठा संच घेऊ नका, माझ्या चौदातल्या अकरा अजून कागदात आहेत. 6, 12 आणि 25 मिमी पुरतात. रंधा एकच, पाच नंबर, 14 इंची. तोच ओबडधोबड कामालाही चालतो आणि नीट धार असेल तर सफाईलाही. करवती दोन, उभी चिरायला इंचाला 5 ते 7 दातांची, आडवी कापायला 10 ते 12 ची. ओढून कापायच्या जपानी करवती नवख्याला सोप्या जातात, पण कडक दातांच्या असतील तर पुन्हा धार लावता येत नाही, पातं बदलावं लागतं. काटकोन तपासायचा गुण्या चांगला घ्या, घेतल्यावर उलटासुलटा ठेवून रेघ मारून तपासा. कडेला समांतर रेघ ओढायचं मार्किंग गेज, पटाशीवर ठोकायची लाकडी मोगरी, चार क्लॅम्प, दोन दगड, धार लावायची ती गाडी. बस. मोगरी तर स्वतःच करा.

टेबल, म्हणजे काम करायचं टेबल, आधी हवं. देखणं नको, जड हवं. रंधा मारताना सरकलं तर सगळं मुसळ केरात. उभं राहून हात खाली सोडल्यावर मुठीची हाडं जिथे येतात, साधारण तेवढी उंची. महागडा शेगडा पहिल्याच दिवशी लागत नाही. टेबलाच्या टोकाला एक पट्टी ठोकून तिला फळी टेकवली तरी रंधा मारता येतो. पुस्तकाची युक्ती करायला लागाल तेव्हा शेगडा घ्या.

एवढं लिहिल्यावर प्रामाणिकपणे काही गोष्टी. प्लायवूडची कपाटं करायची असतील तर हातहत्यारांच्या नादी लागू नका, एक चांगली सर्क्युलर सॉ घ्या आणि सरळ पट्टी. त्या कामात साडू बरोबर आहेत. वेळेच्या बाबतीतही बरोबर आहेत, दोन दिवस ते दोन दिवस. ड्रिल माझ्याकडेही विजेचंच आहे. आणि ओबडधोबड लाकूड जाडीला आणण्याचं काम मी गेली दोन वर्षं साडूंच्या प्लेनरवर करून घेतो. कंबर दुखते. ते दर वेळी "हाताने नाही का करत?" विचारतात, मी म्हणतो, कडा हातानेच करणार आहे.

ता.क. तुम्ही जवसाचं तेल लावणार असं लिहिलंय. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना गरम होतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळत घाला, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. आणि घासकागदाचं काम खोलीत करणार असाल तर मास्क लावा. रंध्याच्या सालपटांनी फार काही होत नाही, बारीक भुसा मात्र वाईट.