मॅनेजरची नोकरी घेण्याआधी एरिया बघ
पॅकेजचं नंतर बघू रे, आधी त्या भागात सगळं एकाच मोठ्या कारखान्यावर चालतंय का ते बघ, कारण तो बसला की त्याचे सप्लायर, डायमेकर (साचे बनवणारे), ट्रान्सपोर्टवाले सगळेच बसतात आणि मग एका खुर्चीला पन्नास मॅनेजर. मी अडकलोय असा एकदा, आठ महिने घरी. पीएमआय, म्हणजे कंपन्यांच्या खरेदी मॅनेजरना विचारून दर महिन्याला काढतात तो आकडा, 50च्या वर म्हणजे मागच्या महिन्यापेक्षा वाढ, हे खरंय, पण तो आकडा बहुतेक वेळा अख्ख्या देशाचा असतो, तुझ्या पट्ट्याचा नाही. त्यापेक्षा शिफ्ट सुटताना गेटवर जाऊन उभा राहा, तिसरी शिफ्ट चालू आहे का, डिस्पॅचला गाड्या लागतायत का, सिक्युरिटीवालाच सांगेल. आणि फार्माचं जीएमपी, म्हणजे औषधं नीट बनवायचे नियम, थोडं शिकून ठेव, नुसत्या आयएटीएफ 16949 वर, म्हणजे गाड्यांच्या उद्योगाच्या क्वालिटी स्टँडर्डवर, ऑटोच्या बाहेर कोणी विचारत नाही.