मांगरातली पद्मिनी आणि एकोणीस वर्षांचा मुलगा

प्रश्न : वडिलांनी १९८६ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आमच्या मांगरात, म्हणजे शेडमध्ये, अकरा वर्षं उभी आहे. मुलगा एकोणीस वर्षांचा, रत्नागिरीला डिप्लोमा करतो. कुठल्या गाडीचा टॉर्क किती, हे तोंडपाठ. पण लायसन्स काढ म्हटलं की ‘बघू’ म्हणतो. त्याच्या वयात मी हिच्या किल्लीसाठी वडिलांच्या मागे मागे फिरायचो. या पिढीची गाडीची हौसच संपली का? गाडी भंगारात देऊन टाकू?
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : भंगारवाल्याला सध्या बोलावू नका. येत्या मे महिन्यापर्यंत तरी थांबा, का ते सांगतो.

मी १९८३ साली चिपळूणला एका गॅरेजात पोऱ्या म्हणून लागलो. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीला पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. आमच्याकडे ती बऱ्याच उशिरा आली, गावातल्या एका डॉक्टरांची. बॉनेट उघडण्याआधी उस्तादांनी आम्हा सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावले होते. एरवी हात धुवायचे ते काम संपल्यावर. त्या दिवशी मी रात्री जेवलो की नाही आठवत नाही, पण ते तीन सिलिंडरचं एवढंसं इंजिन अजून डोळ्यांसमोर आहे.

आमची हौस अशी होती, कारण गाडीला दुसरा पर्यायच नव्हता. कोकण रेल्वे पूर्ण धावायला १९९८ उजाडलं. तोवर एसटी, नाहीतर आंब्याचा ट्रक. दारात गाडी म्हणजे अडीनडीला रात्री-अपरात्री माणूस दवाखान्यात पोचणार. तुमच्या मुलाला ती गरज नाही. तो रेल्वेने रत्नागिरीला जातो, मित्र मोबाइलवर भेटतात. आणि गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय. तो रस्ता उकरलेलाच बघत जी मुलं मोठी झाली, त्यांना स्टिअरिंगची स्वप्नं पडत नसतील तर मी त्यांना दोष देणार नाही. हे आपल्याकडचंच आहे असंही नाही. अमेरिकेत १९८३ साली सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४६ टक्क्यांकडे लायसन्स होतं, २०१४ साली ते २४.५ टक्क्यांवर आलं. जपानात तरुणांनी गाडीकडे पाठ फिरवण्याला ‘कुरुमा बानारे’ असा शब्दच रूढ झालाय.

पण लायसन्स म्हणजे हौस नव्हे. माझं हे मत पक्कं झालं ते २०२१ च्या महापुरानंतर.

२२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. उतरल्यावर माझ्या गॅरेजात गुडघाभर चिखल आणि बाहेर गाड्यांची रांग. लोक घाबरून किल्ली फिरवत होते आणि तिथेच गाडीचा घात होत होता. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आपटतो आणि त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. जी गाडी चार दिवसांत उभी राहिली असती, तिचं इंजिनच उतरवावं लागतं.

माझे दोन्ही कामगार स्वतःच्या घरातला चिखल काढत होते. शेजारच्या आळीतला एक मुलगा आला, तुमच्या मुलाच्याच वयाचा. मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघणारा, ‘कामाचा नाही’ म्हणून घरी बोलणी खाणारा. मी काही सांगायच्या आत त्याने विचारलं, “काका, सेल्फ मारायचा नाही ना? आधी प्लग काढू?” मी पाना दिला. त्याने चारही प्लग काढले, मी खाली वाकून क्रँकच्या बोल्टला सॉकेट लावून इंजिन हाताने फिरवलं, आणि प्लगच्या भोकातून गढूळ पाण्याची चिळकांडी उडून थेट त्याच्या शर्टावर. तो मागे सरला नाही. दुसऱ्या भोकावर हात धरून म्हणाला, “अजून फिरवा, यात आहे.” पुढे तीन आठवडे तो रोज आला. वायरिंगचे कनेक्टर सोडवून, धुऊन, सुकवून, प्रत्येकाला चिकटपट्टीचा नंबर लावून ठेवायचा. ते मी त्याला शिकवलं नव्हतं. लायसन्स त्याने पुढे दीड वर्षाने काढलं.

त्या मुलाला कुणी गाडी दिली नव्हती, काम दिलं होतं. तुम्ही मुलाला ‘चालव’ म्हणता. ‘उघड’ म्हणून बघा. नव्या गाडीचं बॉनेट उघडलं तर वर प्लास्टिकचं झाकण, हात घालायला जागा नाही. पद्मिनीत सगळं उघड्यावर आहे. १०८९ सीसीचं इंजिन, पेट्रोल-हवा मिसळणारा सोलेक्स कंपनीचा कार्ब्युरेटर, स्टिअरिंगलाच गिअर; एकेक वस्तू बोटाने दाखवता येते.

सुट्टीत तो घरी आला की टाकीपासून सुरुवात करा. अकरा वर्षांचं पेट्रोल सडून त्याला वार्निशसारखा वास येत असेल, ते सगळं काढा. उंदरांनी वायरिंग कुरतडलंय का बघा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी टॉप गिअर टाकून गाडी दोघांनी हळू ढकला. इंजिन फिरलं तर निम्मं काम झालं. नाही फिरलं तर जोर लावू नका, पुन्हा तेल सोडून थांबा. कार्ब्युरेटर त्याला खोलू द्या. त्यातले जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, बंद झाली असतील, ती फुंकून साफ करायची, तार घालायची नाही. ब्रेक मात्र जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. ड्रमच्या आतले व्हील सिलिंडर आपल्या खाऱ्या हवेत गंजून धरतातच. आणि गाडीच्या तळाचा पत्रा खालून टोचून बघा. स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला तर मात्र खर्च मोठा आहे, तेव्हा भंगाराचा विचार करा.

एक काम त्याच्यासाठी राखून ठेवा. प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली की आत पॉइंट दिसतो. पॉलिश पेपरने तो घासायचा आणि फट मोजायच्या फिलर गेजची पाती मधून ओढायची. ती अडकता कामा नये, ढिलीही जाता कामा नये. लोण्यातून सुरी ओढावी तसा किंचित धर लागला पाहिजे. तो धर कुठल्याही व्हिडिओतून कळत नाही, बोटांनाच कळतो. मग सेल्फ मारायला त्यालाच बसवा.

इंजिन चालू झालं तरी गाडी घरापुढच्या खळ्यातच ठेवा. नोंदणीचं नूतनीकरण आणि आरटीओची तपासणी झाल्याशिवाय रस्त्यावर आणू नका. लायसन्सचं नाव काढू नका; काढायचं तेव्हा तो काढील.

हौसेच्या नावाखाली चाललेली एक गोष्ट मात्र मला सहन होत नाही. सुट्टीच्या दिवसांत मोठमोठ्या गाड्या थेट समुद्राच्या पुळणीवर नेतात, भरतीत अडकतात. गाडीची बेअरिंगं खाऱ्या पाण्याने जातात ते सोडा. हिवाळ्यात त्याच वाळूत कासवांची अंडी असतात. वेळासला लोक रात्री जागून ती घरटी राखतात. ज्याला गाडीची खरी माया आहे तो तिला समुद्रात घालणार नाही.

प्रश्न : मी गुहागरची, यंदा दहावीला आहे. मला गाड्या दुरुस्त करायला शिकायचंय. घरचे म्हणतात, इलेक्ट्रिक गाड्या आल्या, मेकॅनिकचं काम संपलं. खरं आहे का?

उत्तर : नाही, बाळ. तेल बदलण्याचं काम कमी होईल. ब्रेक, सस्पेन्शन, टायर, वायरिंग तिथेही आहेच. दहावीनंतर आयटीआयला मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, इलेक्ट्रिक व्हेइकलचाही वेगळा ट्रेड आहे. जवळच्या आयटीआयत कुठला चालतो ते आत्ताच जाऊन विचार. त्या गाडीतल्या नारिंगी केबलमधून तीनशे-साडेतीनशे व्होल्ट जातात, त्यामुळे वीजरोधक रबरी हातमोजे घालून, बॅटरीचा प्रवाह तोडणारा सर्व्हिस प्लग काढून, कंपनीने सांगितलेली मिनिटं थांबून, मीटरने शून्य बघितल्याशिवाय हात लावायचा नाही. शिस्तीचं काम आहे. आणि कोकणात कनेक्टरला कळंक चढतो, तो ओळखणारा माणूस इथे लागणारच.

परवा एक गिऱ्हाईक कुंभार्ली घाट उतरून इलेक्ट्रिक गाडी घेऊन आलं. त्यांची मुलगी तुझ्याच वयाची. पाटणच्या बाजूने वर चढताना किती चार्ज खाल्ला आणि उतरताना मोटरने किती परत भरला, हे तिने वळणावळणाला वहीत लिहून आणलं होतं. ती वही मी पूर्ण वाचली. तूही एक वही घाल. घरात असेल ती दुचाकी घे, तिचं ॲव्हरेज, हवा, चेनचा ताण दर रविवारी लिही, आणि दिवाळीला मला पाठव.