चॅटबॉटचा हिशेब आणि उसाचं बिल

प्रश्न : गडहिंग्लजला अर्थशास्त्र शिकवते. साठ असाइनमेंट आल्या, साठही एकाच साच्यातल्या. एआय पकडणारं सॉफ्टवेअर वापरू का?

मॅडम, वापरा हवं तर, पण त्याच्या भरवशावर कुणाला शून्य देऊ नका. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनंच स्वतःचं असं साधन जुलै २०२३ मध्ये बंद केलं. अचूकता कमी पडत होती. शिवाय ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, त्यांचं लिखाण अशी साधनं उगाच यंत्राचं ठरवतात. म्हणजे मार आपल्याच पोरांना.

त्यापेक्षा प्रश्न बदला. ‘महागाईची कारणे’ विचारलीत तर चॅटबॉट पानभर ओतणारच. मी वर्गातल्या पोरांना घरच्या उसाचं बिल आणायला सांगतो. एकरी हातात काय उरलं ते आधी स्वतः मांडायचं, मग तोच हिशेब चॅटबॉटकडून करून घ्यायचा आणि दोन्ही हिशेब वर्गात फळ्यावर मांडायचे. एकदा चॅटबॉटनं तोडणी-वाहतूक वजाच केली नाही. चूक पकडली मागच्या बाकावरच्या पोरानं, ज्याचा आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता. तोंडी परीक्षाही ठेवा. माणशी पाच मिनिटं म्हणजे साठ जणांना पाच तास, हे खरंय. त्याला पर्याय मला सापडलेला नाही.

प्रश्न : शिवाजी विद्यापीठात पीएच.डी. करतोय. चॅटबॉटनं दिलेले दोन संदर्भ कुठंच मिळत नाहीत.

बहुतेक ते नसतीलच. यंत्र शोभेल असा पुढचा शब्द जोडत जातं. लेखक, वर्ष, पान क्रमांक सगळं अस्सल वाटतं. विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात बसून स्वतः वाचलेलाच संदर्भ द्या. चॅटबॉट कशासाठी वापरला तेही प्रबंधात लिहा, गाईडना आधी सांगा. आणि यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या नियमात इतरांच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, यावर विसंबू नका. यंत्राचा मजकूर नवा जुळवलेला असतो, तो साम्य तपासणीतून सहज निसटतो. अडकाल ते व्हायव्हाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला.

प्रश्न : परीक्षा विभागात क्लार्क आहे. पत्रांचे मसुदे एआयकडून करतो. निकालाची एक्सेल फाइल दिली तर?

मसुदे खुशाल करा, जावक क्रमांक आणि तारीख तेवढी डोळ्यांखालून घाला. निकालाची फाइल मात्र फुकटच्या चॅटबॉटला अजिबात नको. नावं, आसन क्रमांक, मोबाइल ही पोरांची खासगी माहिती. तिच्यासाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. एक्सेलचं सूत्र अडलं असेल तर खोट्या नावांच्या चार ओळी टाकून विचारा, काम तेवढ्यावर भागतं.

प्रश्न : इचलकरंजीत आमचे यंत्रमाग आहेत. मुलगी बी.कॉम.ला आहे. एआयमुळे तिची फी वाया जाणार का?

नाही हो. सूतखरेदीची बिलं तिच्याकडे सोपवा. जुळवाजुळव एआयकडून करून घेऊ दे, पण महिनाअखेरीला जीएसटीचा हिशेब तिनंच तुम्हाला समजावून सांगायचा. तुम्ही मध्येच आडवे प्रश्न विचारा.