पीपीएफचे सहा लाख आणि रोमन नाणी

तुम्ही विचारलंय की पीपीएफचे सहा लाख हातात आलेत, ते सगळे युरोपातल्या लिलावांतून दुर्मिळ रोमन प्रांतिक नाण्यांत (म्हणजे रोमन साम्राज्याच्या प्रांतांतल्या शहरांनी पाडलेल्या नाण्यांत) घालावेत का आणि सहा वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी ती विकावीत का. या पैशाने हे करू नका.

पहिली अडचण कायद्याची आहे आणि तीच सगळ्यात मोठी. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, मग ते इजिप्तच्या अलेक्झांड्रियात पाडलेलं का असेना. या नाण्यांचा बाजार लंडन, झुरिक, म्युनिकला. एकदा नाशिकला आलेलं नाणं तिथे परत विकायला पाठवता येणार नाही, आणि इथे गिऱ्हाईक मोजकंच.

दुसरं, दुर्मिळ म्हणजे महाग असं या नाण्यांत होत नाही. शेकडो शहरांनी आपापली नाणी पाडली, त्यामुळे जगात दोन-चारच नग ठाऊक असलेले प्रकार भरपूर आहेत आणि त्यातले कितीतरी स्वस्तात जातात, कारण मागणारेच कमी. फ्रिजियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) अपामिया शहराच्या नाण्यावर नोहाचं तारू आहे; त्यावर उड्या पडतात त्या बायबलच्या कथेमुळे.

खर्चाचंही बघा. एक लाखाच्या बोलीवर लिलावगृह खरेदीदाराकडून वर घेतं तो प्रीमियम 20 टक्के धरला तर तुमचे 1.20 लाख गेले. विकताना 15 टक्के कमिशन कापलं गेलं तर नुसतं मुद्दल सुटायला बोली 1.41 लाखांवर जायला हवी. सीमाशुल्क यात धरलेलंच नाही.

मुलीचे सहा लाख मुदत ठेवीत किंवा चांगल्या डेट फंडात ठेवा. छंद मात्र सोडू नका, मनापासून सांगतो. पगारातून वर्षाला तीस-चाळीस हजार बाजूला काढा आणि ते खर्च झाले असंच धरा. नाणं जुन्या संग्रहातलं असल्याची कागदपत्रं नसतील तर ते घेऊ नका; तुर्कस्तानात 1983 च्या कायद्याने जमिनीतून निघालेली नाणी सरकारची आहेत. ‘रोमन प्रोव्हिन्शियल कॉइनेज’ची सूची इंटरनेटवर फुकट आहे, आधी तीत नाणं शोधा. अंजनेरीची नाणेशास्त्र संस्था तर तुमच्या गावाजवळच आहे.

सुरुवात अलेक्झांड्रियाच्या टेट्राड्रॅकमने (चार द्राख्मांच्या नाण्याने) करा. त्यावर सम्राटाच्या राज्याचं कितवं वर्ष ते ग्रीक अक्षरात असतं. वाचता आलं की मला जरूर कळवा.